थाई रश्शातले वांगे आणि एका डब्याची गोष्ट

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो "थाई पद्धतीचा वांगी-टोफूचा रस्सा घरी कसा करावा" हा. मी म्हटले, बोलावयाचे कशाला, करूनच दाखवते. पण या सभागृहात शेगडी पेटवण्यास परवानगी नाही असे कळले. तेव्हा रस्सा घरून करून आणला आहे आणि येथे नुसते बोलणार आहे. ज्यांना भूक लागली असेल त्यांनी थोडा धीर धरावा.

हा पदार्थ मी दोनदा शिकले. पहिल्यांदा बँकॉकला, पाहून. दुसऱ्यांदा येथे माझ्या स्वयंपाकघरात, चूक करून. दोन्ही सांगते, कारण नुसती कृती हवी असेल तर ती कुठल्याही पुस्तकात मिळेल.

२०१८ सालच्या ऑगस्टमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी मी बँकॉकला गेले आणि जानेवारी २०१९ पर्यंत राहिले. सामानात डिंक, अळीव, खारीक आणि मेतकूट. तिकडचे काही खावे लागू नये असाच माझा बेत होता. लेकीच्या शेजारी चिनी वंशाच्या एक आजीबाई राहत. तिकडच्या चिनी घरांतून आजीला 'आमा' म्हणतात. आम्हीही त्यांना आमाच म्हणू लागलो. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. पण दोघींनाही नारळ खवता येत होता, आणि तेवढ्यावर आमचे पाच महिने छान गेले.

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा वांग्यांपुढेच उभी राहिले. वांग्याला तिकडे 'मखुआ' म्हणतात. एक जात लिंबाएवढी गोल, हिरवी, पांढऱ्या रेघांची. तिला मखुआ प्रो म्हणतात. ती ते लोक चटणीबरोबर कच्चीसुद्धा खातात. दुसरी हिरवी, लांब, काकडीसारखी. तिसरी पाहून मला ती वांगी वाटेचनात: मटाराएवढे हिरवे दाणे, घोसाने लागलेले, चवीला कडवट. तमिळ लोकांची सुंडक्काई ती हीच. रश्शात हे दाणे अख्खे टाकतात आणि दाताखाली फुटले की गोड रश्शात मध्येच कडू चव येते. ती चव मला आवडायला महिना लागला. कारल्यासारखेच आहे, सवयीचा प्रश्न.

आता आमांनी शिकवलेली खरी गोष्ट सांगते. आपण कोकणातल्या किंवा कोकणाशी नाते असलेल्या बायका नारळाचा जाड रस घातला की विस्तव मंद करतो. रस फुटला की जीव हळहळतो. आमांनी काय करावे? जाड रस प्रथमच कढईत ओतला आणि मोठ्या आचेवर उकळत ठेवला. मी "अहो, फुटेल!" म्हणून हात पुढे केला. त्या हसल्या. त्यांना तो फोडायचाच होता. पाच-सात मिनिटांत रस आटला, कडेला खोबरेल सुटले आणि त्या तेलातच त्यांनी वाटलेला मसाला घालून परतला. निराळे तेल नाही, फोडणी नाही. मसाल्याचा कच्चा वास जाऊन घरभर सुगंध सुटला तेव्हा मग पातळ रस घातला. थाई रश्शाच्या वर हिरवट तेलाचे थेंब तरंगतात, ते हे तेल. ज्यांचा रस्सा खिरीसारखा पांढराफटक आणि मिळमिळीत होतो, त्यांनी बहुधा रस फोडलेलाच नसतो.

मिरचीची एक गंमत सांगते. मिरची मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीज लोक १५१० साली गोव्यात बसले आणि १५११ साली त्यांचा वकील सयामच्या राजधानीत, अयुथ्येला, पोहोचला. दोन्हीकडे मिरची त्यांच्यामार्फत आली असे मानतात. त्यापूर्वी तिखटपणा मिऱ्याचा. आपण नव्या फळाला मिरीवरून मिरची म्हटले. थाई लोकांनी मिऱ्याचा 'फ्रिक' हा शब्दच मिरचीला देऊन टाकला आणि मिऱ्याला म्हणू लागले 'फ्रिक थाई', म्हणजे आपली, घरची फ्रिक. दोन ठिकाणच्या बायकांनी एकच युक्ती केली, असे मला वाटते. नावे काही वकिलांनी ठेवली नसतील!

माझ्यासारख्या शाकाहारी बाईची तिकडे पंचाईत होते, आणि पुढची गोष्ट त्यावरच आहे, म्हणून जरा थांबून सांगते. शाकाहाराला थाई भाषेत 'मांगसविरत' म्हणतात. कानाला ओळखीचे वाटते ना? आपलेच 'मांसविरती' आहे ते. मला फार आनंद झाला. पण लेक म्हणाली, "आई, एवढ्यावर जाऊ नकोस. हा शब्द ऐकून कुणी कुणी मांसाचे तुकडे तेवढे वगळतात. मीठ म्हणून घालायचे ते माशाचेच पाणी असते." मासे मिठात मुरवून काढलेले ते पाणी म्हणजे 'नाम प्ला'. आणि वाटणात घालतात तो 'कपि'. नाव ऐकून मारुतिराय आठवावेत, पण वस्तू निराळी: आपल्या जवळ्यासारखी बारीक कोलंबी खारवून, कुटून, मुरवून केलेला गोळा. हिरव्या रश्शाच्या रोजच्या वाटणात तो असतोच म्हणा ना. दिसत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला वासही कळत नाही.

खात्री हवी तर शब्द 'जे'. हा चिनी लोकांचा कडक शाकाहार. त्यात मांस-मासे नाहीत, अंडे नाही, दूधही नाही, आणि कांदा-लसूण नाही. चिनी नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस हे व्रत पाळतात. बाजारात पिवळी निशाणे लागतात, त्यांवर लाल अक्षर असते. २०१८ साली ते नऊ दिवस ९ ऑक्टोबरला सुरू झाले आणि आपली घटस्थापना १० तारखेला होती. मी घरात नऊ दिवसांचा दिवा लावला होता आणि शेजारी आमा नऊ दिवस 'जे' पाळत होत्या! त्या नऊ दिवसांतच त्यांनी मला टोफूचा हा रस्सा शिकवला. वाटणात कांदा-लसूण नाही. गवती चहा आणि कुलिंजन वाढवले. माशाच्या पाण्याऐवजी सोयाबीनचा पातळ सॉस आणि मीठ. मला तर काही उणे वाटले नाही.

असो. परत येताना मी शहाणपणा केला. इतके सगळे वाटत कोण बसणार, म्हणून तिकडच्या दुकानातून हिरव्या वाटणाचे दोन तयार डबे घेतले. वर चित्र वांग्यांचे आणि हिरव्या पानांचे. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. डब्यावर सारे छापलेले होते, वाचले नाही ते मी. आपल्याकडे विकावयाच्या मालावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह असते आणि आपण त्यावर विसंबतो. सामानातून आणलेल्या डब्यावर ते कुठून असणार?

२०१९ च्या मे महिन्यात आमच्या विहीणबाई आठ दिवस राहावयास आल्या. त्या माळकरी आहेत, आषाढीची वारी करणाऱ्या. म्हणाल्या, "आमच्या नातवाच्या गावचं काहीतरी करून घाला की." मी डबा फोडला. वांगी घातली, टोफू घातला, रस्सा उत्तम झाला. विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतला.

संध्याकाळी भांडी आवरताना माझा पुतण्याचा मुलगा ओट्याशी तो रिकामा डबा हातात घेऊन वाचत होता. नुकतेच इंग्रजी वाचता येऊ लागलेले, दिसेल ते मोठ्याने वाचावयाचे. म्हणाला, "आजी, श्रिंप म्हणजे काय गं?"

भगिनींनो, माझ्या हातातले पातेले खाली पडले.

रात्री मी यजमानांना सांगितले. ते म्हणाले, "पोटात गेलं ते गेलं. आता सांगून त्या बाईंचं मन कशाला दुखवतेस? तुला तरी कुठं ठाऊक होतं?" खरे सांगते, मला ते पटत आले होते. नाते विहिणीचे. त्यात मुलगी त्यांच्या घरात दिलेली. पण रात्रभर डोळ्यांपुढे त्यांचे ते दुसऱ्यांदा ताट पुढे करणे येत राहिले. माझ्या घरात आहेत म्हणून त्यांनी 'यात काय आहे' असे विचारलेसुद्धा नव्हते.

सकाळी त्यांचा हरिपाठ झाल्यावर मी जवळ जाऊन बसले आणि म्हटले, "विहीणबाई, काल माझ्या हातून चूक झाली." डबा पुढे ठेवला आणि सगळे सांगितले. त्यांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्यांनी माझ्या घरात दूध आणि फळे घेतली. मी आग्रह केला नाही. कोणत्या तोंडाने करणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आपण होऊन स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून इथं उभी आहे. मागाहून कळलं असतं, तर या घरचं पाणी प्यायले नसते." मग पदर खोचून पाट्यापाशी बसल्या. "आता त्यात काय काय असतं ते एकेक पुढं ठेवा. मी वाटते."

त्या दिवशी आम्ही दोघींनी केले तेच आता सांगते. पाच माणसांचे प्रमाण आहे. लिहून घ्यावयाचे तर घ्यावे.

गवती चहा आपल्या कुंडीत असतोच, पण आपण पाने घेतो आणि बुडखा टाकतो. वाटणाला नेमका बुडखा हवा. बाहेरची जून पाने काढून आतला पांढरा कोवळा भाग, तीन काड्यांचा, बारीक चिरावा. जाड चिरला तर दोऱ्यांसारखा दातात अडकतो. कुलिंजन बोटाच्या पेराएवढे. ताजे मिळाले तर उत्तम. नाहीतर काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेले मिळते, ते कोमट पाण्यात भिजवून घ्यावे. आल्याने काम भागते, पण चव आल्याची होते, कुलिंजनाची नव्हे. कोथिंबिरीची पाच-सहा मुळे, स्वच्छ घासून. आपण मुळे कापून केरात टाकतो आणि थाई बायका मुळांसाठी कोथिंबीर घेतात! हिरव्या मिरच्या दहा, तुमच्या घरी सोसतील तशा कमी-जास्त. चमचाभर धने, अर्धा चमचा जिरे, अर्धा चमचा पांढरे मिरे. तिकडच्या लिंबाची साल खडबडीत, गाठीगाठींची असते आणि पान मध्ये चिमटून दोन पाने जोडल्यासारखे दिसते. ते न मिळाल्यास आपल्या कागदी लिंबाची हिरवी साल वरवर किसावी, पांढरा भाग येऊ देऊ नये, आणि त्याच झाडाची तीन-चार कोवळी पाने रश्शासाठी ठेवावीत. कांदा-लसूण चालत असेल त्यांनी चार बारीक कांदे आणि सात-आठ पाकळ्या घ्याव्यात.

वाटण्याचा क्रम असा. धने-जिरे कोरडे भाजून मिऱ्यांसह आधी कुटावे. मग मीठ घालून गवती चहा आणि कुलिंजन, म्हणजे कडक जिन्नस. ते पुरते मऊ झाल्यावरच मिरच्या, मुळे, साल. सगळे एकदम घातले की मऊ वाटले जाते आणि कडक तसेच राहते. पाटा नसेल तर मिक्सर चालेल, मात्र पाण्याऐवजी नारळाचा रस शिंपडावा.

एक नारळ खवून वाटीभर कोमट पाण्यात वाटून पिळावा. हा जाड रस. त्याच चोथ्यात दोन वाट्या पाणी घालून पुन्हा पिळावे, हा पातळ. विकतच्या पाकिटातला रस सहसा फुटत नाही, कारण तो फुटू नये अशीच तजवीज त्यात केलेली असते. तेथे दोन चमचे तेल घालून मसाला परतावा. पुढे मघाशी सांगितले तसे: रस फोडावयाचा, तीन-चार चमचे वाटण तेलात परतावयाचे, पातळ रस घालावयाचा.

वांगी पाव किलो, लहान, गोल, हिरवी. जांभळी घेतली तर रश्शाचा रंग मातकट होतो, चवीला दोष नाही. चार फाका करून मिठाच्या पाण्यात ठेवाव्यात, नाहीतर काळ्या पडतात. रस्सा उकळला की घालून शिजल्याबरोबर थांबावे. आपल्या भरल्या वांग्यासारखी विरघळू देऊ नयेत. चातुर्मासात ज्यांना वांगे वर्ज्य आहे त्यांनी कांदेनवमीपासून चंपाषष्ठीपर्यंत लाल भोपळा घालावा. थाई लोकही भोपळ्याचा रस्सा करतात, तेव्हा ही काही नाइलाजाची युक्ती नव्हे.

आता टोफू. पुष्कळ जणी म्हणतात, "छे, त्याला चवच नाही." बरोबर आहे. भातालाही नसते. टोफूत पाणी असते आणि ते काढल्याशिवाय रस्सा आत शिरणार कसा? घट्ट टोफू फडक्यात गुंडाळून वर वरवंटा ठेवावा, अर्धा तास. मग चौकोनी तुकडे करून थोड्या तेलावर सगळ्या बाजूंनी बदामी करावे आणि वांगी अर्धी शिजल्यावर घालावे. दोनशे ग्रॅम पुरे.

घरी करावयाचा असेल तर पाव किलो सोयाबीन रात्रभर भिजवून, दोन लिटर पाणी घालून वाटावे आणि फडक्यातून गाळावे. हे दूध कच्चे पिऊ नये, पचत नाही. दहा मिनिटे उकळलेच पाहिजे. फेस फार येतो, म्हणून भांडे मोठे घ्यावे आणि जवळून हलू नये. मी एकदा दारावर आलेल्या बाईशी बोलत राहिले आणि सगळा ओटा धुवावा लागला. खाली उतरवून, वाफ थोडी निवल्यावर, दोन लिंबांचा रस पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. पनीरसारखेच फाटते. फडक्यात बांधून दडपावे. लिंबाने किंचित आंबूस होतो. चिनी लोक त्यासाठी जिप्सम किंवा समुद्राच्या पाण्यातले क्षार वापरतात. उरलेला चोथा टाकू नका, थालिपिठाच्या पिठात छान जातो. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन एवढे पिकते आणि त्याचे तेल निघून पेंड गुराकोंबड्यांना जाते; आपल्या ताटात त्याचे काही येत नाही, याचे मला नेहमी नवल वाटते.

शेवटी सुपारीएवढा गूळ, दोन चमचे सोया सॉस, चवीपुरते मीठ, लिंबाची पाने फाडून, आणि उतरवताना मूठभर सब्ज्याची पाने. हो, ज्याचे बी आपण उन्हाळ्यात भिजवून पितो त्याचीच पाने. तिकडची 'होरपा' त्याच जातीतली. तुळस मात्र घालू नका. थाई लोक तुळशीची पाने मांसाबरोबरही परततात, हे मी विहीणबाईंना सांगितले तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ऐकवू नका." सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, हे ज्यांना गहू चालत नाही त्यांच्यासाठी सांगून ठेवते. आणि बाटली असो की डबा, उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचा. चष्मा लावून वाचा. घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडून वाचून घ्या.

बरोबर मोकळा भात. आंबेमोहोर सुरेख लागतो.

विहीणबाई त्या दिवशी जेवल्या. "मिठाला कमी आहे," एवढेच म्हणाल्या, आणि ते खरेच होते.

आज मागच्या टेबलावर दोन पातेली ठेवली आहेत. डावीकडच्यात कांदा-लसूण आहे. उजवीकडच्यात नाही, त्याचे वाटण विहीणबाईंनी काल येथे येऊन स्वतः केले आहे, आणि त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. कशात काय आहे याची यादी प्रत्येक पातेल्याला चिकटवली आहे. ती वाचून मगच वाढून घ्यावे, ही विनंती. ताटल्या धुऊन परत ठेवाव्यात, असा कार्यकारिणीचा निरोप आहे.